सहीपासून मान्यतेपर्यंत आम्हाला संरक्षण द्या : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला काम करतो. आमच्याकडे युनियनचा विषय निघाला तो ओव्हरटाइमवरून. कायद्याप्रमाणे जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. ते साध्या दराने मिळू लागले आणि विचारायला गेलेल्याला गेटबाहेरचा रस्ता दाखवला गेला. तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका देवळाच्या सभामंडपात बसून आम्ही युनियनचे फॉर्म भरले, वर्गणीच्या पावत्या फाडल्या.

आठवडाभरात सह्या करणाऱ्यांची नावे एचआरला कळली. टूल रूममधल्या कुशल माणसाला पॅकिंगला टाकले. एकाला कायमची थर्ड शिफ्ट लावली. तिसऱ्याला कंपनीची चार्जशीट (आरोपपत्र) आली, कारण काय, तर लाइनवर मोबाइल वापरला. त्याच मोबाइलवर सुपरवायझर दर तासाला प्रॉडक्शनचा आकडा मागत असे. पण चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला वकील, त्याने ते नोंदवूनही घेतले नाही.

चौकशी चालू असताना निलंबित केलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. अर्ध्या पगारात खोलीभाडे, पोरांची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे बसवता बसवता माणूस मोडतो. मग एक दिवस एचआर त्याला चहाला बोलावते, 'फुल अँड फायनल'चा, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याचा, कागद पुढे करते आणि तो राजीनाम्यावर सही करतो. रेकॉर्डला मात्र त्याने नोकरी स्वखुशीने सोडलेली असते. माझ्या डोळ्यांदेखत चांगली माणसे अशी गेली, आणि ते पाहून बाकीच्यांनी फॉर्म परत मागितले.

साहेब, कायदा नाही असे आम्ही म्हणत नाही. आपल्या राज्याने १९७१ साली केलेल्या कायद्यात युनियनमध्ये सामील होणाऱ्याला धमकावणे, आकसाने कामावरून काढणे या अनुचित कामगार प्रथा ठरवल्या आहेत. पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' म्हणून कवचही मिळू शकते, पण युनियन नोंदली गेल्यावर. घाव पडतो तो त्याच्या आधी, फॉर्मवर सही झाल्यापासून नोंदणीचा कागद हातात येईपर्यंत. तेवढे आठवडे आमच्यामागे कोणी नसते.

तडजोडीचेही तेच. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तडजोड अधिकाऱ्याला, म्हणजे कामगार आणि कंपनीच्या वादात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, ४५ दिवसांची मुदत आहे आणि तडजोड चालू असताना संपाला बंदी. आम्ही ती बंदी पाळतो. कामगार कार्यालयात तारखेला कंपनीकडून मात्र एचआरचा कनिष्ठ माणूस येतो आणि 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणत पुढची तारीख घेतो. आमचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. कंपनीच्या माणसाने निर्णयाचे लेखी अधिकार घेऊनच यावे, नाहीतर तडजोड अधिकाऱ्याने तशी नोंद करून अहवाल लगेच पाठवावा, एवढा आदेश आपले खाते काढू शकते.

युनियनसाठी फॉर्म भरणाऱ्याची बदली, शिफ्ट बदल किंवा निलंबन करायचे तर आधी कामगार अधिकाऱ्याची परवानगी लागेल, आणि हे फॉर्मवर सही झाल्या दिवसापासून लागू होईल, अशी तरतूद करा. त्यासाठी कायदा दुरुस्त करावा लागला तरी करा. कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे, राज्याचे हात बांधलेले नाहीत.

मान्यतेसाठी, म्हणजे कंपनीशी बोलणी कोणती युनियन करणार हे ठरवताना, वर्गणीच्या पावत्या मोजू नका, गुप्त मतदान घ्या. कामगाराला कोण हवे हे न विचारता एकच युनियन गळ्यात बांधली की काय होते, हे या मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही मागणी पगाराइतकीच मोठी होती. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले होते.

आणखी एक. वाटाघाटीचा एकहाती हक्क हवा तर संहितेनुसार हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. आमच्या लाइनवर माझ्या दोन्ही बाजूंना उभी असलेली पोरे ठेकेदाराची. तोच प्रेस, तोच धोका, बोट तुटले तर तेच बोट. पण कंपनीच्या पटावर ती नाहीत, म्हणून मोजणीतही नाहीत. वर्षानुवर्षे कायम स्वरूपाच्या कामावर असलेल्या या मुलांना कोणाच्या पटावर धरायचे, हे खात्याने कारखान्यात येऊन तपासावे.

हे सगळे मंत्रालयातल्या बैठकीत मांडायला आमच्यापैकी कोणाला रजा मिळणार नाही. म्हणून विनंती आहे की आपण किंवा आपल्या आयुक्तांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चाकणलाच सुनावणी ठेवावी. येणाऱ्यांची नावे कंपन्यांना कळणार नाहीत, एवढे लेखी आश्वासन द्यावे.

आपला नम्र,
प्रेस शॉपमधला एक कामगार, चाकण