आमदारांच्या कामाची नोंद मराठीत हवी

२०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील हे महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे) आमदार कर्नाटक विधानसभेत निवडून आले. २०१८ मध्ये एकही नाही. महापौरपद भूषवून विधानसभेत गेलेले संभाजीराव २०१९ मध्ये निवर्तले. त्यांचे मोर्चे लोकांना आठवतात, पण सभागृहात त्यांनी कोणते प्रश्न मांडले, मराठी कागदपत्रांसाठी काय मागितले, हे तरुणांना कुठे वाचायला मिळणार? विधानसभेच्या कामकाजाची नोंद असते, पण ती प्रामुख्याने कन्नडमध्ये. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाने समितीचे जुने आमदार सायनाक यांच्यापासूनच्या सीमाभागातील सर्व आमदारांची भाषणे मराठीत आणावीत. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरची निवेदने, पत्रकेही आताच गोळा करावीत. वाळवी थांबत नाही.

– एक वाचक, खानापूर