वेष्टनावरील चिन्हे आधी रुग्णांना दाखवावीत

माननीय संपादक महोदय,

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, इन्सुलिन पेनच्या सुया, इन्हेलर ही साधने आता घरोघरी वापरली जातात. त्यांच्या वेष्टनावरील चिन्हे मात्र प्रशिक्षित परिचारिकेलाच कळावीत अशी असतात. वर्तुळात तिरक्या रेघेने खोडलेला दोनचा इंग्रजी आकडा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १५२२३-१ या मानकानुसार 'पुन्हा वापरू नये' असे सांगतो. परंतु हे ज्याला कुणी शिकवलेले नाही, तो त्याचा अर्थ 'एका वेळी दोन घेऊ नयेत' असा लावून तीच सुई उद्यासाठी जपून ठेवू शकतो. वाळूचे घड्याळ वापराची मुदत दाखवते, पण संगणकाच्या सवयीने ते 'थांबा' असेही वाचले जाईल. पावसाखालची छत्री तेवढी कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीने मजकुराऐवजी भारतीय मानक ब्यूरो किंवा आयएसओची मान्य चिन्हे छापण्याची मुभा दिली आहे, मात्र वापरणाऱ्याला अर्थ न कळल्यामुळे सुरक्षिततेस बाध येऊ नये, या अटीवर. अट पाळली जाते की नाही हे ठरवायचे, तर चिन्ह रुग्णापुढे ठेवून विचारावेच लागेल. अमेरिकेतील एएनएसआय या राष्ट्रीय मानक संस्थेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात किमान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा आणि घातक ठरेल असा उलटा अर्थ काढणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी कसोटी आहे. माझ्या मते दुसरा आकडा अधिक मोलाचा, कारण ज्याला चिन्ह कळत नाही तो निदान कुणाला तरी विचारतो.

कृती दाखवणारी चित्रे त्याहून अवघड. इन्हेलर दाबणे आणि श्वास आत ओढणे या क्रिया एकाच वेळी व्हायला हव्यात. त्या दोन चौकटींत काढल्या की रुग्ण आधी दाबतो, मग श्वास घेतो आणि बरेचसे औषध तोंडात व घशातच राहते.

आंतरराष्ट्रीय चिन्हे बदलावीत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्याशेजारी गुजराती व हिंदीत एक ओळ असावी आणि कृतीची चित्रे छपाईपूर्वी तपासली जावीत. वडोदऱ्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत, महाराजा सयाजीराव विद्यापीठात उपयोजित कलेचे विद्यार्थी आहेत, आणि सर सयाजीराव जनरल रुग्णालयात गुजराती, हिंदी, मराठी बोलणारे, साक्षर-निरक्षर असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. रुग्णालयाच्या परवानगीने विद्यार्थ्यांनी कच्ची रेखाटने घेऊन तेथे बसावे, उत्तरांचे पर्याय न देता 'यावरून काय कळते?' एवढेच विचारावे, आणि चुकलेली उत्तरे जशीच्या तशी कारखान्यांकडे पाठवावीत. त्याचा खर्च कारखान्यांनी उचलावा.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा