त्वचेवर चालणारे जंतुनाशक मूत्राशयात चालेलच असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कायमची लघवीची नळी लावलेल्या रुग्णांची घरी काळजी कशी घ्यावी, हा आपल्या अंकातला लेख वाचला. बाकी लेख उत्तम आहे. पण ‘नळी तुंबल्यास जखमेचे जंतुनाशक पाण्यात पातळ करून मूत्राशय धुवावे’ हा सल्ला वाचून गप्प बसवेना. त्याच पानावर, प्राण्यांवरचे सगळे प्रयोग तत्काळ थांबवा, असे एका वाचकाचे पत्रही होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. माझी सगळी नोकरी त्यातच गेली, म्हणून लिहिते.

मी औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत ऊतिविकृती विभागात, म्हणजे अवयवांचे बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ होते. उंदरांची मूत्राशये कुजू नयेत म्हणून फॉर्मॅलिनमध्ये घालून आमच्याकडे यायची. ती पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करायचे, मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर ५ मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या दोनशेाव्या भागाइतके पातळ) काप घ्यायचे, ते रंगवून स्लाइडवर चढवायचे. निरोगी मूत्राशयाचा काप पाहताना सगळ्यात वर मोठ्या, पसरट पेशींची सलग ओळ दिसते. या छत्री-पेशींवर प्रथिनांचे कवच असते आणि त्यावर ग्लायकोसअमिनोग्लायकन नावाच्या शर्करायुक्त द्रव्याचा पातळ लेप. लघवीतली टाकाऊ द्रव्ये पुन्हा अंगात झिरपू नयेत, ही राखण हेच अस्तर करते. जंतुनाशकाने दुखावलेल्या कापात ती ओळ जागोजागी तुटलेली असते, खालचा भाग पाणी धरून फुगलेला असतो, रक्तवाहिन्यांबाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी दिसतात आणि भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी. एकदा पाहिलेला असा काप विसरता येत नाही.

असे का होते? बरीच जंतुनाशके जंतूंचे आवरण फोडून त्यांना मारतात, आणि पेशीला आवरण आपल्याही असते. त्वचेवर मृत पेशींचा जाड, कोरडा थर असल्याने ती हा मारा सोसते. मूत्राशयात तसे काही नाही. औषध थेट जिवंत पेशींवर पडते आणि आत कोंडलेले राहते. क्लोरहेक्सिडीन या त्वचेवर वापरल्या जाणाऱ्या जंतुनाशकाने धुतल्यावर उंदरांच्या मूत्राशयाचे अस्तर झडून दाह होतो, हे १९७० च्या दशकातच ब्रिटिश मूत्रविकार नियतकालिकात छापून आले. पुढे रुग्णांच्या लघवीतून रक्त गेल्याच्याही नोंदी झाल्या. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनच्या १० टक्के द्रावणात १ टक्का उपलब्ध आयोडीन असते. ते अंदाजाने पातळ करून आत सोडणारा काय तीव्रतेचे औषध देत असतो, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. दुसरे म्हणजे, सशांच्या मूत्राशयाच्या अस्तरावरचा तो शर्करायुक्त लेप सौम्य आम्लाने काढून टाकला तेव्हा जंतू तिथे कितीतरी पटींनी जास्त चिकटले. म्हणजे ज्या संसर्गाच्या भीतीने धुवायचे, त्यालाच वाट करून द्यायची.

आता प्रयोग थांबवा म्हणणाऱ्या वाचकांना. तुमची कळकळ मला पटते. त्या प्राण्यांना पिंजऱ्यात मीही पाहिले आहे. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितले की शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. द्रावण पेशी मारते का, हे आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर पाहता येते. कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या मूत्राशयावरही बरेच कळते, आणि ते माणसाच्या मूत्राशयाशी उंदरापेक्षा अधिक जुळते. पहिली चाळण तिथेच लागली पाहिजे. पण रक्तपुरवठा चालू असताना सूज किती येते, आठवड्याने अस्तर भरून येते की व्रण राहतो, हे काढून ठेवलेला अवयव सांगत नाही.

म्हणूनच जो प्रयोग होईल तो चोख झाला पाहिजे. उंदराच्या मूत्राशयात जेमतेम १ मिलिलिटर मावते. जास्त द्रव दाबला तर नुसत्या ताणानेच रक्तस्राव होतो आणि खापर औषधावर फुटते. म्हणून तेवढेच सलाइन तेवढाच वेळ दिलेला दुसरा गट हवाच. स्लाइड वाचणाऱ्याला कोणता काप कोणत्या गटाचा, हे कळता कामा नये. शिवाय हे प्राणी निरोगी असतात. वर्षानुवर्षे नळी असलेल्या माणसाचे अस्तर आधीच सुजलेले असते, तेव्हा उंदराने सोसलेली तीव्रता त्याला सोसेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. उलट बाजूही आहे: उंदराला बाधले ते माणसाला बाधेलच असे नाही. सॅकरिन या कृत्रिम गोडव्याने उंदरांच्या मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी झाल्या, पण ती प्रक्रिया माणसाला लागू नाही असे निष्पन्न झाल्यावर २००० मध्ये अमेरिकेने त्याचे नाव कर्ककारकांच्या यादीतून काढले.

माझा खरा राग आहे तो कपाटात पडून राहणाऱ्या निकालांवर. द्रावण घातक ठरले की अहवाल छापायला कुणी उत्सुक नसते. मग दुसरी प्रयोगशाळा त्याच द्रावणाची तीच तीव्रता घेऊन पुन्हा प्राणी मारते. प्राणिप्रेमी वाचकांनी आधी हे निकाल, विशेषतः वाईट निकाल, उघड करण्याची मागणी लावून धरावी. मी त्यांच्यासोबत सही करीन. शरीरात सोडायच्या प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर कोणत्या ऊतीवर, किती तीव्रतेने आणि किती वेळ ठेवून ते तपासले, हेही छापलेले असावे.

राहिला लेखातला सल्ला. नळी लावलेल्या रुग्णाचे मूत्राशय जंतुनाशकाने नेहमी धुऊ नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नळीतच साका बसून ती तुंबली असेल तर नळी बदलायची असते. कृपया ही दुरुस्ती पुढच्या अंकात ठळक छापावी. लेख कापून ठेवणारी बरीच घरे असतील.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ