डोळ्यातले तेल वेळेत निघाले पाहिजे

महोदय,

डोळ्याच्या आतला निसटलेला पडदा (रेटिना) बसवताना डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात, हे आता खेड्यातल्या रुग्णांनाही माहीत झाले आहे. ते साधारण तीन ते सहा महिन्यांनी काढायचे असते, ही गोष्ट मात्र नजर थोडी परतली की अनेकांच्या मनातून निघून जाते. दुखत नाही, दिसतेही आहे, मग शहराची आणखी एक खेप आणि खर्च कशाला, हा त्यांचा हिशेब समजण्याजोगा असला तरी घातक आहे.

हे तेल कायम एकसंध राहत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब सुटून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात येतात, आतले पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीत अडकतात, आणि शरीरातील पेशी ते गिळू लागल्या की दाह सुरू होतो. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे या थेंबांचा पांढरा थर वरच्या बाजूला जमतो. पू असता तर तो खाली बसला असता. जाळी तुंबल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूने नेत्रशीर सुकली, तर पडदा जागेवर असूनही गेलेली नजर परत मिळत नाही. त्या मानाने तेलामुळे होणारा मोतीबिंदू किरकोळच म्हणायचा.

पडदा सपाट करण्यासाठी शस्त्रक्रियेत वापरतात तो परफ्लोरोकार्बन द्रव पाण्याहून जड असतो आणि सहसा शेवटी काढून घेतला जातो. त्याचे थेंब मागे राहिले तरी दाह होतो. स्पेनमध्ये 2015 साली अशाच एका दूषित द्रवामुळे अनेकांची दृष्टी गेली. म्हणूनच रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर कोणता द्रव वापरला, त्याचा बॅच क्रमांक आणि तेल काढण्याचा अपेक्षित महिना ठळक मराठीत लिहिणे बंधनकारक करावे, आणि तेल काढण्याचा खर्च पहिल्याच शस्त्रक्रियेचा भाग मानावा, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे.

तेल काढल्यावर पडदा पुन्हा निसटण्याचा धोका असतो, त्यामुळे काही डोळ्यांत डॉक्टर ते जाणूनबुजून ठेवतात. पण तसा निर्णयही कागदावर असावा, आणि त्या रुग्णांच्या डोळ्यातला दाब जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ठरावीक काळाने मोजला जावा.

— एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी, सातारा