सरांनी ग्रामसभेत बोलायचंच नाही का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात जुनी दगडी बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, तिच्यात कित्येक वर्षं लोक राडारोडा टाकतायत. हायस्कूलच्या इतिहासाच्या सरांनी त्यावर ग्रामसभेत अर्ज दिला, उभं राहून बोलले, तर लगेच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालं की सरांनी शिकवायचं बघावं, पुढारीपणा कशाला. वाचून फार वाईट वाटलं.

अहो साने गुरुजी कोण होते? मास्तरच ना! अमळनेरला सहा वर्षं शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे, आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढे पंढरपूरचा विठोबा दलितांना आत जाऊन बघता यावा म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरले आणि मग १ मे १९४७ ला उपोषणाला बसले ते १० मेपर्यंत, ऐन उन्हाळ्यात. त्यांचा फोटो आपण शाळेत लावतो, पण आपल्या मुलांचे सर साध्या ग्रामसभेत बोलले की आपल्याला खुपतं. दामोदर कोसंबी तर गणिताचे प्राध्यापक, पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून इतिहास लिहिला आणि जागतिक शांतता चळवळीतही काम केलं.

मतदार यादी घेऊन दारोदार फिरणारे, जनगणना करणारे, पूर आला की ड्युटीवर जाणारे मास्तर आपल्याला चालतात, शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्याच्या कलम २७ मध्येच ती कामं दिलीयत. विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत, म्हणजे शिक्षकाला सार्वजनिक कामात आवाज असावा हे घटनेनेच धरलंय. सरांनी वर्गात एखाद्या पक्षाचा प्रचार केला असता तर पहिली तक्रार मीच केली असती, ते वेगळं. इथे तर अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी विहिरी-बारवा बांधल्या हे मुलांना शिकवणारा माणूस गावातली बारव बुजताना बघून गप्प बसला नाही, एवढंच झालंय. आणि तासही एक बुडवलेला नाही, माझा मुलगा त्यांच्याच वर्गात आहे.

ग्रुपवर मी हे लिहिलं तर दोघांनी पसंतीचा अंगठा टाकला, बाकी सगळे गप्प. पुढच्या ग्रामसभेत बारवेचा विषय परत येणार आहे, तेव्हा सरांच्या शेजारी मी बसणार आहे आणि आमच्या गल्लीतले चार पालकही येतो म्हणालेत.

– एक पालक