सिक्वेलाइझमधलं सॉर्टिंग उलगडून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सिक्वेलाइझ या डेटाबेसशी बोलणाऱ्या नोड.जेएस लायब्ररीत 'ऑर्डर' (नोंदींचा क्रम ठरवणारा पर्याय) कसं लिहायचं हे तुम्ही आमच्या टीमला इतक्या बारकाईनं समजावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. नुसता तयार कोड हातात दिला नाहीत. लॉगिंग चालू करून, त्यातून निघणारी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला जाणारी प्रत्यक्ष क्वेरी, वाचायला लावलीत.

कंसांचंच घ्या. 'ऑर्डर'ला अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे (चौकटी कंसातली यादी) लागतो, आतल्यात आधी कॉलम, मग दिशा (चढती की उतरती). आतला कंस गाळला की 'डेस्क' (उतरता क्रम) हेसुद्धा कॉलमचं नाव धरलं जातं आणि डेटाबेस 'असा कॉलमच नाही' म्हणून थांबतो. हे परवडलं, एरर तरी दिसते.

इन्क्लूडच्या (सोबत जोडून आणलेल्या मॉडेलच्या) आत लिहिलेला ऑर्डर मात्र गुपचूप सोडून दिला जातो. पोस्टखालच्या कमेंट तारखेनं लावायच्या तर ऑर्डर सगळ्यात बाहेर लिहायचा: आधी कमेंटचं मॉडेल, म्हणजे त्या तक्त्याचं कोडमधलं रूप (एलियस, म्हणजे दुसरं नाव, असेल तर त्याच्यासकट), मग कॉलम, मग दिशा. नाहीतर हॅजमेनी (एका पोस्टला अनेक कमेंट) नात्यात 'सेपरेट: ट्रू' द्यायचं, मग कमेंटसाठी वेगळी क्वेरी जाते आणि आतला ऑर्डर लागू होतो. पण त्या कमेंटवरून पोस्टचा क्रम लावता येत नाही, ही मेख तुम्ही आवर्जून दाखवलीत. 'सबक्वेरी: फॉल्स'मध्येही अशीच एक मेख. अडलं की जो तो ते टाकून मोकळा होतो, पण मग लिमिट (किती ओळी आणायच्या ती मर्यादा) पोस्टवर नाही, तर पोस्ट आणि कमेंट जोडून बनलेल्या ओळींवर लागतं. लिमिट 10 आणि पहिल्याच पोस्टला 10 कमेंट, की अख्ख्या पानावर एकच पोस्ट!

सगळ्यात उपयोगी पडलं ते पेजिनेशनचं, म्हणजे नोंदी पानापानांनी दाखवण्याचं. फक्त 'क्रिएटेडअ‍ॅट'वर लावलं आणि दोन नोंदींची वेळ सारखी निघाली, तर त्यांच्यात आधी कोण हे डेटाबेस दर वेळी वेगळं ठरवू शकतो. मग एक नोंद दोन्ही पानांवर दिसते, दुसरी कुठेच नाही. शेवटी आयडी जोडला की प्रश्न मिटला. आणि हो, नल (रिकामी मूल्यं)! उतरत्या क्रमात पोस्टग्रेस ते वर आणतो, मायएसक्यूएल खाली ढकलतो. पोस्टग्रेसवर दिशेच्या जागी 'डेस्क नल्स लास्ट' चालतं. मायएसक्यूएलला ती रचनाच कळत नाही.

सॉर्टचा कॉलम युआरएलमधून येत असेल तर तो थेट 'लिटरल'मध्ये (जसाच्या तसा एसक्यूएलमध्ये जाणारा मजकूर) घालायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. लिटरल एस्केप होत नाही, म्हणजे इंजेक्शनला (बाहेरून घुसडलेल्या एसक्यूएलला) दार उघडं. परवानगी असलेल्या कॉलमची यादी ठेवायची, नाव त्यात नसेल तर 400 ('चुकीची विनंती' असा एरर कोड) परत करायचा. ही तपासणी आता आमच्या सगळ्या लिस्ट एपीआयमध्ये आहे.

आपली,
बॅकएंड टीम