मीरास पत्र : चित्राला कवितेनं उत्तर देताना

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

तुमचा बेत समजला. सहा लिहिणारे, सहा चित्रं काढणारे, आणि एकाच्या कामावरून दुसऱ्यानं नवं काम करायचं. बेत छान आहे. पण तू पाठवलेल्या नियमांत विषय आणि भावना यांबद्दल पानभर मजकूर आहे, माप आणि मुदत यांबद्दल एक ओळही नाही. अशा उपक्रमांचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

आधी साखळी की जोड्या, ते ठरवा. बारा जणांची एकच साखळी केलीत आणि प्रत्येकाला दहा दिवस दिलेत, तर सगळं सुरळीत होऊनही चार महिने जातात. एक जण अडला की त्याच्या मागचे सगळे खोळंबतात. जोड्यांत दोघंही एकाच दिवशी आपापलं मूळ काम एकमेकांना देतात आणि दहा दिवसांत उत्तर देतात. कोणी गळलं तर एकच जोडी मोडते. पहिल्या खेपेला मी जोड्याच करीन. साखळीचा हट्टच असेल तर चौघाचौघांच्या तीन साखळ्या एकदम सोडा, आणि बाराखेरीज आणखी दोन जण राखीव ठेवा.

साखळीत प्रत्येकाला फक्त लगेच आधीचं काम दिसू दे. जपानी रेंगा काव्यात हे शिस्तीनं पाळतात: ५-७-५ आणि ७-७ मात्रांची कडवी आळीपाळीनं रचायची, प्रत्येक कडवं आधीच्याला जोडायचं, पण त्याच्याही आधीच्यापासून दूर न्यायचं. ३६ कडव्यांच्या रचनेत तो नियम नसता तर सगळे कवी एकाच चंद्राभोवती फिरत बसले असते.

आता तुझ्या भागाचं, म्हणजे कवितेचं. चित्र हाती आलं की शीर्षक झाकून ठेव आणि पंधरा मिनिटं नुसतं बघ. मग दिसलेल्या वस्तूंची वीस नावं लिही. पहिली पाच खोडून टाक, कारण ती सगळ्यांनाच दिसतात. उरलेल्यांतलं कडेचं काही उचल: अर्धवट कापली गेलेली खुर्ची, चुकीच्या बाजूला पडलेली सावली. बहुतेक कविता फसतात त्या चित्रात जे आहे तेच पुन्हा सांगत बसल्यामुळे. ‘या चित्रात’, ‘चित्रकारानं’, ‘रंगांची उधळण’ असले शब्द कच्च्या खर्ड्यात आले तर समज, अजून उत्तर सुरूच झालेलं नाही.

चित्रकारांचं उलटं होतं: कवितेतली गोष्ट ते जशीच्या तशी काढतात. त्यांना चार्ल्स डेमुथचं १९२८ चं चित्र दाखव. ते त्याच्या मित्राच्या, विल्यम कार्लोस विल्यम्सच्या, छोट्या कवितेवरून केलंय. त्या कवितेत पावसात, दिव्यांच्या उजेडात, लाल आगीच्या बंबावरचा सोनेरी ५ दिसतो. डेमुथनं रीतसर बंब काढलाच नाही. त्यानं तो ५ घेतला, तीनदा, एकात एक, लहान-मोठा. त्यामुळे आकडा अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. कवितेतला वेग आकड्याच्या मापात आला. वर कवीचं लाडकं नाव ‘बिल’ही चित्रात रंगवलंय. मैत्रीत एवढं चालायचंच.

उत्तर मूळ काम शेजारी नसतानाही उभं राहिलं पाहिजे. मुसोर्गस्कीनं १८७४ मध्ये हार्टमन या दिवंगत मित्राच्या चित्रांवरून पियानोचे तुकडे रचले, आणि मधूनमधून एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या प्रेक्षकाची धून घातली. ते चालणं कुठल्याच चित्रात नव्हतं. त्यांतली बरीच चित्रं आज सापडत नाहीत. संगीत मात्र वाजतंय, आणि १९२२ मध्ये राव्हेलनं त्याला वाद्यवृंदाचं रूप देऊन उत्तराला आणखी एक उत्तर दिलं. तेव्हा तयार कविता चित्र न पाहिलेल्या माणसाला वाचायला दे. त्यानं ‘हे कशाबद्दल आहे?’ असं विचारलं तर खाली खुलाशाची टीप जोडू नकोस, कविता दुरुस्त कर.

मापं अशी ठेवा: कविता वीस ओळींपर्यंत, गद्य तीनशे शब्दांपर्यंत, चित्र ए-५ आकारात. चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करायचं, म्हणजे साधारण १७४८ × २४८० पिक्सेल. मोबाइलवर वरून काढलेला फोटो कडांना वाकडा येतो आणि हाताची सावली पडते. छापताना ते सगळं दिसतं. मेसेजमधून फोटो म्हणून पाठवलं तर फाइल दाबली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

हक्कांचं सुरुवातीलाच लेखी ठरवा, मैत्री असली तरी. ज्याचं काम त्याचा हक्क. पण कवितेत चित्रकारानं चित्रात लिहिलेल्या ओळी घेतल्या, किंवा चित्रात कवितेच्या ओळी रंगवल्या, तर परवानगी लागते. चित्र एकटं विकलं तर कवीचं नाव द्यायचं का, पुस्तक निघालं तर मानधन कसं वाटायचं, आणि कुणी मध्येच माघार घेतली तर त्याचं काम वापरायचं का, हे तीन प्रश्न त्या कागदावर हवेतच. एका पानात मावतं.

मसुदा झाला की पाठव, बघून देतो.

तुझा,
बाबा